विश्लेषण : क्युबिट ‘मोजला’ की नेमके काय होते? क्वांटम संगणकाचा ताल कुठे बिघडतो?

खांदेश्वर स्थानकातून हार्बर लोकल पकडली की साधारण सव्वा तासात सीएसएमटी येते. तिथून कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरला गेले की टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर. खांदा कॉलनीतून रोज दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांच्या वाटेपासून ही जागा फार लांब नाही. देशातील क्वांटम संगणकाच्या सर्वात महत्त्वाच्या प्रयोगांपैकी काही इथे चालतात. बातम्यांत आकडा येतो तो क्युबिटच्या संख्येचा. प्रत्यक्षात सगळी लढाई असते ती ‘कोहेरन्स’ टिकवण्याची. हा कोहेरन्स म्हणजे काय, मोजमाप केले की तो का जातो आणि सरकारी तिजोरीतून हजारो कोटी रुपये ज्या मोहिमेवर खर्च होणार आहेत तिचे यशापयश त्यावर का अवलंबून आहे, ते समजून घेऊ.

मुंबई-पुण्यात काय घडले?

ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. हा प्रोसेसर सुपरकंडक्टिंग, म्हणजे अतिवाहक सर्किटवर चालतो. काम तिघांचे मिळून होते. क्युबिटची रचना आणि निर्मिती टीआयएफआरने केली. नियंत्रण आणि मोजमापाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळेने, म्हणजे डीवायएसएल-क्यूटीने उभी केली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने क्लाउडवरून प्रोसेसरला काम देण्याची सोय तयार केली. क्लाउडवरून सर्किट पाठवायचे, ते कुलाब्यातल्या हार्डवेअरवर चालवायचे आणि उत्तर परत क्लाउडवर आणायचे, अशी ही चाचणी होती.

त्याआधी १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘राष्ट्रीय क्वांटम मिशन’ला मंजुरी दिली होती. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद झाली. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. बेंगळुरूच्या ‘क्यूपीआयएआय’ने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्युबिटचा संगणक जाहीर केला. सहा, पंचवीस, हजार हे आकडे डोळ्यांत भरतात. पण ताल न धरणारे हजार क्युबिट हे ताल धरणाऱ्या मोजक्या क्युबिटपेक्षा निरुपयोगी ठरू शकतात.

कोहेरन्स म्हणजे काय?

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतले ढोल-ताशा पथक आठवा. चाळीस ढोल एकाच ठेक्यावर पडले की छातीत धडकी भरावी असा एकच ठोका ऐकू येतो. तेच चाळीस जण तितक्याच जोराने, पण थोडे मागेपुढे वाजवू लागले तर नुसता गोंगाट उरतो. जोर कमी झालेला नसतो, ताल सुटलेला असतो.

लहरींच्या बाबतीत या तालाला फेजचे नाते म्हणतात. ते टिकून असेल तर लहरी एकमेकींत मिसळून वाढतात किंवा एकमेकींना पुसून टाकतात. लोकलमध्ये नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घालणाऱ्यांना हे रोज अनुभवायला मिळते. हेडफोन बाहेरच्या खडखडाटाची नेमकी उलटी लहर तयार करतो आणि आवाज विरतो. ही उलटी लहर जराशी उशिरा आली तर आवाज विरण्याऐवजी वाढूही शकतो.

क्युबिटला ० आणि १ अशा दोन शक्यता असतात. त्या दोन्हींची मिळून एक स्थिती असू शकते आणि त्या दोन शक्यतांमध्ये फेजचे निश्चित नाते असते. हे नाते टिकणे म्हणजे कोहेरन्स, मराठीत सुसंगती. ढोलपथकाशी तुलना इथे थांबते. पथकात वादक अनेक असतात, इथे वस्तू एकच असते आणि तिच्या दोन शक्यता आपसात ताल धरून असतात. क्वांटम संगणक चुकीच्या उत्तरांच्या शक्यता एकमेकींना पुसून टाकतो आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढवतो. ताल गेला की हे पुसणे-वाढवणे बंद पडते.

‘दोन्ही एकाच वेळी’ हे खरे कशावरून?

क्युबिट मोजला तर उत्तर ० किंवा १ यांपैकी एकच येते. मग आधी तो ‘दोन्ही’ होता असे का म्हणायचे? नाणे हाताखाली झाकलेले असते तसे उत्तर आधीच ठरलेले असेल आणि आपल्यालाच ते माहीत नसेल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका साध्या प्रयोगात मिळते. नॉर्मन रॅम्से या भौतिकशास्त्रज्ञाच्या पद्धतीवर तो आधारलेला आहे. रॅम्से यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले.

- क्युबिट ० वर ठेवा. त्याला मायक्रोवेव्हचा ‘अर्धा’ झटका द्या. आता मोजले तर निम्म्या वेळा ०, निम्म्या वेळा १ मिळते.
- पुन्हा ० पासून सुरुवात करा. अर्धा झटका द्या, मोजू नका आणि लगेच दुसरा अर्धा झटका द्या. आता मोजले तर जवळपास प्रत्येक वेळी १ मिळते.
- तिसऱ्यांदा दोन झटक्यांच्या मध्ये एकदा मोजून घ्या. आता शेवटी पुन्हा निम्मे-निम्मे.

पहिल्या झटक्यानंतर क्युबिट गुपचूप ० किंवा १ झालेला असता, तर दुसऱ्या झटक्यानंतरही निम्मे-निम्मेच उत्तर आले असते. नाणे दोनदा उडवून कुणाला हमखास छापा मिळत नाही. हमखास १ मिळतो याचा अर्थ मधल्या काळात दोन्ही शक्यता जिवंत होत्या आणि त्यांच्यात ताल होता. मध्ये मोजले की तो ताल जातो आणि क्युबिट खरोखरच उडवलेल्या नाण्यासारखा वागू लागतो.

दोन झटक्यांमधला वेळ वाढवत नेला की मोजले नाही तरी निकाल हळूहळू निम्मे-निम्मेकडे सरकतो. किती वेळात सरकतो, यावरून क्युबिटचा कोहेरन्स किती टिकला ते कळते.

कुणी पाहिलेच नाही तर?

मोजमाप म्हटले की डोळ्यांसमोर शास्त्रज्ञ येतो. निसर्गाला मात्र शास्त्रज्ञाची गरज नसते. हे दाखवणारा प्रयोग व्हिएन्नात झाला. तिथे अँटन झायलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूंमध्ये लहरींसारखा व्यतिकरणाचा नमुना दाखवला होता. पुढे २००४ मध्ये त्याच शहरातील संशोधकांनी ७० कार्बन अणूंचे रेणू लेझरने तापवून पाहिले. तापलेली वस्तू प्रकाश बाहेर टाकते. रेणू जसजसे जास्त तापले तसतसा नमुना पुसट होत गेला.

बाहेर पडलेला तो प्रकाश कुणी पाहिला नव्हता. पण रेणू कोणत्या वाटेने गेला याची खूण त्या प्रकाशात होती. खूण बाहेर पडली एवढेच पुरेसे ठरले. या प्रक्रियेला डिकोहेरन्स म्हणतात. जर्मनीचे डीटर झे यांनी १९७० मध्ये आणि वोइचेख झुरेक यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ही मांडणी पुढे आणली. पॅरिसमध्ये सर्ज हारोश यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रयोगशाळेत ही प्रक्रिया घडताना टिपली. दोन शक्यतांमधले अंतर जितके मोठे, तितका ताल लवकर सुटतो असे त्यात दिसले. हारोश यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले.

आपल्या स्वयंपाकघरातला कप एकाच वेळी दोन जागी का दिसत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. हवेचे रेणू, प्रकाश आणि उष्णता कपाच्या जागेची खूण अखंड बाहेर नेत असतात.

मोजमाप एका क्षणात होते का?

पाठ्यपुस्तकात मोजमाप एका झटक्यात होते. टीआयएफआरसारख्या प्रयोगशाळेत त्याला वेळ लागतो आणि तो वेळ मोजता येतो. तिथल्या क्वांटम मेजरमेंट अँड कंट्रोल प्रयोगशाळेचे प्रमुख आर. विजयराघवन यांचे बरेचसे काम याच विषयावर आहे.

क्युबिटला थेट हात लावत नाहीत. त्याच्या शेजारी ठरावीक सुरावर घुमणारे एक सर्किट असते. क्युबिट ० असेल तर त्याचा सूर किंचित एका बाजूला सरकतो, १ असेल तर दुसऱ्या बाजूला. त्यावर मायक्रोवेव्हचा अगदी क्षीण संदेश सोडतात. परत येणाऱ्या लहरीची फेज किती सरकली, त्यावरून क्युबिटची स्थिती ओळखतात.

हा संदेश सुरुवातीला इतका क्षीण असतो की नुसता खरखराट ऐकू येतो. हळूहळू ० आणि १ चे संकेत वेगळे होऊ लागतात. ज्या गतीने ते वेगळे होतात, निदान त्या गतीने क्युबिटमधला ताल कमी होतो. बाहेर जितकी माहिती आली, आतला तितका कोहेरन्स गेला. या व्यवहारात उधारी चालत नाही. संदेशाचा जोर वाढवून काम लवकर उरकावे म्हटले, तर क्युबिटच भलत्या स्थितीत ढकलला जाण्याचा धोका असतो. म्हणून क्षीण संकेत जवळजवळ स्वतःची भर न घालता वाढवणारे विशेष अ‍ॅम्प्लिफायर लागतात.

अशाच एका अ‍ॅम्प्लिफायरवर विजयराघवन यांनी येल विद्यापीठात मिशेल देवोरे यांच्याकडे पीएचडी केली. देवोरे यांना जॉन क्लार्क आणि जॉन मार्टिनिस यांच्यासह २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे बर्कलीत इरफान सिद्दीकी यांच्या गटात असताना विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सुपरकंडक्टिंग क्युबिटची एका स्थितीतून दुसरीत जाणारी उडी प्रत्यक्ष टिपली. २०१२ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. क्युबिट हलकेच मोजत राहायचा, ताल किती सरकला ते मिळालेल्या संकेतावरून ओळखायचे आणि लगेच दुरुस्ती करायची. अशा फीडबॅकने क्युबिटचा ताल सतत टिकवून धरता आला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते. माहिती आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आली तर आपण त्याला मोजमाप म्हणतो. तीच माहिती वायरमध्ये, उष्णतेत किंवा चिपच्या पृष्ठभागावरच्या दोषांत हरवली तर डिकोहेरन्स म्हणतो. क्युबिटच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. फरक इतकाच की पहिल्या प्रकारात हिशेब आपल्या हाती असतो.

दुधाकडे बघत राहिले की दूध उतू जात नाही?

दूध उतू जाते ते नेमके नजर हटल्यावर, हा घरोघरीचा अनुभव. क्वांटम जगात हे जवळपास खरे ठरते. बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९७७ मध्ये दाखवले की एखादी क्वांटम व्यवस्था वारंवार मोजत राहिले तर तिच्यातला बदल जवळजवळ थांबतो. याला ‘क्वांटम झेनो परिणाम’ म्हणतात. कारण कोहेरन्सशीच जोडलेले आहे. एका स्थितीतून दुसरीत जायला सुरुवातीला दोन्हींमध्ये ताल जमावा लागतो, आणि प्रत्येक मोजमाप तो जमण्याआधीच मोडते. अमेरिकेत १९९० मध्ये बेरिलियमच्या आयनांवर हा परिणाम प्रयोगातून दिसला.

सुदर्शन यांचा मुंबईशी संबंध होता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते टीआयएफआरमध्ये संशोधन करत होते. पुढे १९६३ मध्ये त्यांनी प्रकाशाच्या क्वांटम कोहेरन्सचे जे गणित मांडले, ते आज ग्लाउबर आणि सुदर्शन अशा दोघांच्या नावाने ओळखले जाते. याच विषयातील कामासाठी रॉय ग्लाउबर यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले, सुदर्शन यांचे नाव त्यात नव्हते. त्यावर तेव्हा वादही झाला.

क्युबिट किती वेळ तग धरतो?

ताल दोन प्रकारे जातो. वादक थकून थांबतो, म्हणजे क्युबिट आपली ऊर्जा गमावून १ वरून ० वर येतो. त्या काळाला टी-वन म्हणतात. किंवा वादक वाजवत राहतो पण ठेका सुटतो, त्या काळाला टी-टू म्हणतात.

जपानमध्ये १९९९ साली पहिल्या सुपरकंडक्टिंग क्युबिटमध्ये ताल काही नॅनोसेकंद टिकला होता. आज चांगल्या चिपवर तो शंभर मायक्रोसेकंदांच्या घरात असतो, आणि काही प्रयोगशाळांनी एक मिलिसेकंदाचा टप्पा गाठला आहे.

सोपा हिशेब करू. क्युबिटवरची एक क्रिया ५० नॅनोसेकंद घेते आणि ताल १०० मायक्रोसेकंद टिकतो असे धरले, तर फार तर २,००० क्रिया बसतात. एका मोजमापाला ५०० नॅनोसेकंद लागले, तर त्यात दहा क्रियांचा वेळ जातो. तेवढ्यात शेजारच्या क्युबिटचाही ताल ढळत असतो. म्हणून मोजमाप जलद आणि अचूक असणे हे क्युबिटची संख्या वाढवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

थंडीची गरजही यातूनच येते. ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या क्युबिटच्या दोन स्थितींमधला फरक तापमानात सांगायचा तर जेमतेम पाव केल्विन. परिसर त्याहून गरम असेल तर उष्णताच क्युबिटला ढकलत राहते. त्यामुळे चिप १० ते २० मिलिकेल्विनवर ठेवतात. अंतराळातले २.७ केल्विन तापमान त्यापेक्षा शंभरपटीहून अधिक आहे.

न पाहता चूक कशी पकडायची?

इथे एक पेच आहे. गणना सुरू असताना चूक झाली का ते तपासायचे तर मोजावे लागणार, आणि मोजले की कोहेरन्स जाणार. यावरचा तोडगा म्हणजे प्रश्नच वेगळा विचारायचा.

तराजूच्या दोन पारड्यांत दोन बंद डबे ठेवले तर दोन्हींचे वजन सारखे आहे का एवढेच कळते. वजन किती आहे ते कळत नाही. क्वांटम दुरुस्तीत असेच करतात. एका क्युबिटची माहिती तीन क्युबिटमध्ये पसरवतात. मग ‘पहिला आणि दुसरा सारखे आहेत का?’ आणि ‘दुसरा आणि तिसरा सारखे आहेत का?’ एवढेच विचारतात. पहिली जोडी वेगळी आणि दुसरी सारखी निघाली, तर पहिला क्युबिट उलटला आहे. माहिती ० होती की १ हे या उत्तरांतून कळतच नाही, म्हणून तिचा ताल शाबूत राहतो. हे तीन क्युबिटचे उदाहरण फक्त उलटण्याची चूक पकडते. फेजची चूकही पकडायची तर आणखी क्युबिट लागतात.

गुगलने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्युबिटच्या ‘विलो’ चिपवर दाखवले की अशा दुरुस्तीत क्युबिट वाढवले की चुका वाढत नाहीत, कमी होतात. मात्र मूळ क्युबिट आणि मोजमाप एका मर्यादेपेक्षा चांगले असेल तरच हे शक्य होते. ती मर्यादा गाठली नाही तर क्युबिट वाढवून चुकाच वाढतात.

ताल सुटण्याचाही उपयोग होतो?

होतो. क्वांटम मिशनच्या चार केंद्रांपैकी सेन्सिंग आणि मापनशास्त्राचे केंद्र पवईला आयआयटी मुंबईत आहे. तिथे कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या दोषांवर काम करतो. हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि शेजारी एक मोकळी जागा असेल, तर तो दोष क्युबिटसारखा वागतो आणि साध्या खोलीच्या तापमानालाही ताल धरतो. आसपासच्या चुंबकीय क्षेत्राने त्याचा ताल किती ढळला ते वाचले की क्षेत्र किती आहे ते कळते. संगणकात जो त्रास, तोच इथे संकेत ठरतो.

मग मोजमापाचे कोडे सुटले का?

अर्धे सुटले. व्यतिकरण का नाहीसे होते आणि मोठ्या वस्तू ‘दोन्ही एकाच वेळी’ का दिसत नाहीत, हे डिकोहेरन्स समजावतो. पण निम्म्या वेळा ० आणि निम्म्या वेळा १ येणार असताना या खेपेला १ च का आला, हे तो सांगत नाही. त्यावर भौतिकशास्त्रज्ञांमध्ये आजही एकमत नाही. यंत्र बांधण्यासाठी या उत्तराची गरज पडत नाही, म्हणून अभियंत्यांचे काम थांबलेले नाही.

सामान्य वाचकाने काय पाहावे?

पुढच्या काही वर्षांत नव्या क्वांटम संगणकांच्या घोषणा होत राहतील. अशी बातमी वाचताना तीन प्रश्न उपयोगी पडतील.

- क्युबिट किती, याबरोबर त्यांचा ताल किती मायक्रोसेकंद टिकतो?
- शंभर वेळा मोजले तर किती वेळा चुकीचे वाचले जाते?
- गणनेच्या मध्ये मोजून चूक दुरुस्त करता येते का?

भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यासाठी कुलाब्यापर्यंत जायलाच हवे असेही नाही. आयबीएमने २०१६ मध्ये पाच क्युबिटचा प्रोसेसर क्लाउडवर सर्वांसाठी खुला केला, तेव्हापासून खऱ्या क्युबिटवर प्रयोग करण्याची सोय आहे. वर दिलेला दोन अर्ध्या झटक्यांचा प्रयोग खांदा कॉलनीतल्या घरातून लॅपटॉपवर काही ओळी लिहून करून पाहता येतो. हजार वेळा चालवला तर उत्तर १ हजारच्या हजार वेळा येत नाही, काही वेळा ० येतो. दोन झटक्यांमधला वेळ थोडा थोडा वाढवला की हे शून्य वाढत जाते. कुलाब्यापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या प्रयोगशाळा झगडत आहेत त्या याच शून्यांशी.